लहान मालाचं दार
कुहीवरून जाणाऱ्या अडीच फुटी रेल्वेचा मालधक्क्यावरून वाचलेला इतिहास

छोटी लाइन बंद झाली की आठवणी निघतात त्या प्रवाशांच्या. दारात बसून पाय हलवणारी कॉलेजची पोरं, टोपल्या सांभाळत चढणाऱ्या भाजीवाल्या, धानाच्या बांध्यांतून रमतगमत जाणारे डबे. नोव्हेंबर 2019 मध्ये नागपूरची इतवारी–नागभीड लाइन रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हाही अशाच आठवणी निघाल्या. मालाचा विषय फारसा कुणी काढला नाही. खरं तर 1908 साली बेंगॉल नागपूर रेल्वेने, म्हणजे जुन्या लोकांच्या बीएनआरने, हे रूळ टाकले त्यामागचा मोठा हिशोब मालाचाच होता. माणसं चढली ती चढलीच, पण रूळ कुठून न्यायचे हे ठरवलं धानाने, कापसाने आणि चांद्याच्या जंगलातल्या लाकडाने. आजही भारतीय रेल्वेच्या उत्पन्नाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. प्रवासी दिसतो, माल दिसत नाही, इतकाच फरक.

म्हणून या लाइनीचा इतिहास तिकीटखिडकीऐवजी मालधक्क्यावरून वाचून पाहायला हवा. त्यासाठी कुही ही जागा चांगली आहे. नागपूरपासून सुमारे 40 किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव दोन शेतीप्रदेशांच्या शिवेवर आहे. पश्चिमेला काळी माती, कापूस, तूर, हरभरा. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्याकडे जावं तसा धानाचा मुलूख सुरू होतो. मधे मिरची. कुही, मांढळ आणि भिवापूर या पट्ट्यात हंगामात मिरचीचे सातरे लागतात. तिथे बायाबापड्या दिवसभर बसून लाल मिरचीचे देठ खुडतात. भिवापुरी मिरचीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा मिश्र पिकांच्या मुलखात एका शेतकऱ्याकडे एकाच मालाचे शंभर कट्टे क्वचितच निघतात. दहा कट्टे धान, चार पोती तूर, दोन-तीन पोती मिरची असा त्याचा माल. असा थोडाथोडका माल मोठ्या बाजारात कसा पोचतो, हा कुहीचा जुना प्रश्न आहे. मालधक्का हे त्याचं एक उत्तर होतं.

रुळांच्या आधी

या भागातून व्यापार रेल्वेमुळे सुरू झाला असं मुळीच नाही. कुही तालुक्यातल्या अडमला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात तटबंदीचं प्राचीन नगर आणि सातवाहनकाळाचे पुरावे सापडले. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट निघाले. तालुक्याच्या पूर्व टोकाला अंभोऱ्याजवळ कन्हान आणि वैनगंगा एकत्र येतात. जिथे नगरं, राजसत्ता आणि नद्यांचे संगम एका तालुक्यात येतात, तिथून मालाची वाट गेलेली असणारच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वाट बैलांच्या पाठीवरून जात होती. लमाणांचे तांडे मीठ घेऊन यायचे आणि धान्य, कापूस घेऊन परतायचे. नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. तो तिथे पोचेपर्यंत महिने जायचे, पावसात भिजायचा, धुळीने मळायचा. गावातल्या गावात आणि आठवडी बाजारापर्यंत बंडी होती. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीची चाकं रुतली की बाजार दोन-दोन महिने तुटायचा.

1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला एकदम भाव आला आणि मुंबईहून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला नागपूर गाठायची घाई झाली. फेब्रुवारी 1867 मध्ये ती नागपुरात पोचली. मग कापसाच्या मोठ्या बाजारांना खास फाटे फुटले. खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते 1870 साली सुरू झाला. जलंबपासून जेमतेम 13 किलोमीटरचा हा फाटा, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय! सरकारच्या लेखी कापसाच्या गठाणीचं वजन किती होतं हे यावरून समजतं. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली आणि ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. कापूस इथला, कोळसा जवळचा आणि रेल्वे दारात, असं तिच्यामागचं गणित होतं.

नागपूरच्या पूर्वेला मात्र कापूस नव्हता, धान होतं. तिकडे नागपूर–छत्तीसगड रेल्वे मीटर गेजवर 1880 ते 1882 या काळात राजनांदगावपर्यंत गेली. 1887 साली स्थापन झालेल्या बीएनआरने ती विकत घेतली, रुंद केली आणि 1891 पर्यंत नागपूर थेट आसनसोलला जोडलं. छत्तीसगडचा तांदूळ आता कलकत्त्यालाही जाऊ लागला आणि मुंबईलाही. पण या मोठ्या लाइनीच्या दक्षिणेला उमरेड, पवनी, ब्रह्मपुरी, नागभीड हा सगळा धान-जंगलाचा मुलूख अजून बंडीच्या भरवशावरच होता. तेव्हा कुहीचा परिसर उमरेड तहसिलीत मोडत असे. उमरेड रेशीमकाठी धोतरांसाठी नावाजलेलं होतं. ती धोतरंसुद्धा बंडीतूनच बाहेर पडत.

अडीच फूट का?

रूळ टाकायचे ठरले तरी मोठी लाइन परवडणार नव्हती. 1,676 मिलिमीटर रुंदीच्या लाइनीला भराव रुंद, पूल दणकट, वळणं मोठ्या घेराची, इंजिनं जड लागतात. एवढा खर्च भरून निघेल इतका माल या मुलखातून निघेल याची कुणाला खात्री नव्हती. यावर तोडगा महाराष्ट्रातच सापडला होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. त्याची युक्ती साधी होती. इंजिन असो की डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात, भराव अरुंद चालतो, पूल स्वस्तात होतात. बार्शीच्या बाजारातला माल सोलापूर-पुण्याकडे वळला आणि देशभरच्या रेल्वे कंपन्यांना अडीच फुटाची ताकद दिसली.

याच रुंदीवर विदर्भात एकामागून एक छोट्या लाइनी उभ्या राहिल्या. 1903 मध्ये मूर्तिजापूर–यवतमाळ लाइन सुरू झाली. नंतर तिचा दुसरा फाटा अचलपूरला गेला. ती कापसासाठी. पुढे पुलगाव–आर्वी झाली, तीही कापसासाठी. आणि बीएनआरने गोंदियाहून सातपुडा ओलांडत 1905 पर्यंत जबलपूर गाठलं. या सातपुडा जाळ्याचं दक्षिणेकडचं टोक म्हणजे गोंदिया–नागभीड–चांदाफोर्ट ही लाइन आणि नागभीडहून नागपूरला येणारा फाटा.

या जाळ्यामागे दुष्काळाचीही छाया होती. 1896–97 आणि 1899–1900 या दोन दुष्काळांत मध्य प्रांताची जी वाताहत झाली, तिच्यामुळे धान्य लवकर पोचवता येईल अशा लाइनी हव्यात हा युक्तिवाद बळकट झाला. 1880 च्या दुष्काळ आयोगाने तो आधीच मांडला होता. पण हे दार दोन्ही बाजूंना उघडत होतं. ज्या रुळांवरून धान्य येऊ शकतं, त्यांवरूनच ते बाहेरही जातं. भाव जिथे जास्त, माल तिथे. रमेशचंद्र दत्त यांनी याच काळात लिहिलं, की सरकार रेल्वेवर जेवढा पैसा ओततं त्या मानाने पाटबंधाऱ्यांकडे दुर्लक्ष करतं, आणि दुष्काळ पाण्याने हटतो. कुही तालुक्याच्या बाबतीत या वादाला पुढे एक विचित्र वळण लागलं. रेल्वे 1908 मध्ये आली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते झाली ती 1988 मध्ये, म्हणजे तब्बल 80 वर्षांनी. आणि त्या धरणाचं पाणी आलं ते तालुक्यातली काही गावं बुडवत.

धक्क्यावरचा दिवस

छोट्या लाइनीवरच्या स्थानकाचा मालधक्का दिसायला अगदी साधा असतो. डब्याच्या तळाच्या उंचीला येईल इतका दगडी ओटा, म्हणजे पोतं उचलून वर फेकावं लागत नाही, सरळ आत नेता येतं. ओट्यावर लोखंडी खांबांवर पन्हाळी पत्र्याचं छप्पर आणि मागच्या बाजूला भिंत किंवा नुसती जाळी. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला बंड्या लागतील अशी मोकळी जागा. आत जड वजनाचा काटा. शेजारी किंवा स्थानकाच्या इमारतीतच मालबाबूची, म्हणजे गुड्स क्लार्कची, खिडकी. बाजूने एक आडवी सायडिंग, तिच्यावर दोन-चार डबे उभे. स्थापत्य म्हणून मिरवावं असं यात काही नाही. या इमारतीची खरी करामत तिच्यात चालणाऱ्या कागदांत होती.

व्यापारी माल घेऊन आला की आधी फॉरवर्डिंग नोट भरायची: कुणाचा माल, कोणता, किती नग, कुठे जायचा, कुणाच्या जोखमीवर. जोखीम हा मोठा मुद्दा होता. मालकाच्या जोखमीवर पाठवलं तर दर कमी लागायचा, पण वाटेत पोतं फाटलं, माल कमी भरला तर भांडायची सोय नाही. रेल्वेच्या जोखमीवर दर जास्त. मग वजन, मग शिक्के, नगांवर खुणा. डबा भरला की दारांना शिशाचं सील. आणि शेवटी मालबाबूच्या हातून मिळायची ती रेल्वे रिसीट, म्हणजेच बिल्टी.

बिल्टी हा नुसता पावतीचा चिटोरा नव्हता. 1930 च्या मालविक्री कायद्याने तिला मालाच्या मालकीचा दस्तऐवज मानलं आहे. त्यामुळे माल अजून डब्यात असतानाच बिल्टी विकता येत होती, बँकेत तारण ठेवता येत होती. उमरेड-भिवापूरचा व्यापारी धान डब्यात चढवायचा आणि बिल्टी हुंडीसोबत नागपूरच्या बँकेकडे पाठवायचा. घेणारा बँकेत पैसे भरायचा, बिल्टी सोडवायचा आणि ती दाखवून इतवारीच्या धक्क्यावरून माल उचलायचा. म्हणजे माल पोचण्याआधी पैसा हलत होता. ज्या गावात बँकेची शाखा नव्हती, तिथल्या व्यापाऱ्याला बँकेच्या जगाशी जोडणारा धागा म्हणजे हा कागद. मालधक्का हे त्या अर्थाने गावाचं पहिलं पतकेंद्र होतं.

शिस्तही कडक होती. माल आला आणि ठरलेल्या वेळात उचलला नाही तर धक्क्यावर पडून राहिल्याबद्दल वारफेज. डबा वेळेत रिकामा केला नाही तर डॅमरेज. व्यापाऱ्यांच्या तोंडी हे दोन शब्द इतके बसले, की घरात पाहुणा जास्त दिवस राहिला तरी डॅमरेज लागेल असं थट्टेने म्हटलं जाई. माल हरवला किंवा खराब झाला तर दावा करायचा. आता या दाव्यांसाठी रेल्वे क्लेम्स ट्रिब्यूनल आहे आणि नागपुरातही तिचं पीठ आहे.

या सगळ्याचं लहान शेतकऱ्याशी नातं असं, की धक्क्यावर पूर्ण डबा भरण्याची सक्ती नव्हती. ‘स्मॉल्स’ नावाचा एक वर्ग असे: चार पोती, दहा पोती, दोन पिंपं. वेगवेगळ्या लोकांचे असे नग एकाच डब्यात रचले जायचे. छोट्या लाइनीवरचा डबाच मुळात लहान, त्यामुळे तो लवकर भरायचा. शेतकरी स्वतः क्वचितच बिल्टी करत असेल. बहुतेक वेळा गावचा अडत्या किंवा व्यापारी करायचा, आणि त्यात शेतकऱ्याची नाडवणूकही व्हायची. तरी भावाची बातमी गाडीसोबत गावात येत होती. नागपुरात धानाला काय भाव फुटला हे स्थानकावर कळायचं. अडत्याला अगदीच मनमानी करता येत नव्हती.

इतवारीची उलथापालथ

इतवारीला छोटी लाइन संपायची आणि मोठी सुरू व्हायची. दोन्हींच्या रुळांत तीन फुटांचं अंतर, म्हणजे डबा पुढे जाणार नाही, माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागणार. रेल्वेच्या भाषेत याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही मोठी उणीव म्हणून सांगितली जाते: वेळ जातो, पोती फुटतात, चोरी होते, हाताळणीचा खर्च दुप्पट. हे सगळं खरं आहे. पण त्या उणिवेवरच एका शहराचा बाजार उभा राहिला, हेही तितकंच खरं.

माल इतवारीला उतरणारच असेल, तर त्याला पुढे पाठवण्याऐवजी तिथेच विकावा की. इतवारीचा धान्यबाजार, किराणा ओळ, मस्कासाथ हे सगळे बाजार स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. छिंदवाड्याची छोटी लाइनही इतवारीलाच येत असे. दोन दिशांनी अडीच फुटावरून येणारा माल आणि पूर्व-पश्चिम जाणारी मोठी लाइन यांच्या काट्यावर इतवारी होती. रूळ सलग असते तर कितीतरी माल इथे न थांबता मुंबई-कलकत्त्याला निघून गेला असता.

या उलथापालथीचं वजन हमालांच्या पाठीवर होतं. एका डब्यातलं पोतं उचलून दुसऱ्या डब्यात. हातात लोखंडी आकडा, डोक्या-खांद्यावर गोणपाटाची घडी. मुकादम नग मोजणार, टोळी पोती वाहणार, मजुरी नगावर. वर्षानुवर्षं या माणसांचा ना कुणी मालक होता, ना कुठे हजेरीपट. महाराष्ट्रात त्यांच्या बाजूने दोन मोठे आवाज उठले: पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांची माथाडी चळवळ. त्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला आणि ओझी वाहणाऱ्या माणसाला मंडळात नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, सुट्ट्यांचे पैसे मिळण्याची वाट निघाली. देशात असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं. जुन्या मालधक्क्यांवर दगडी ओट्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसतात. कुणाच्या पायांनी, हे त्या कायद्याच्या इतिहासात शोधायला हवं.

दार कसं लागलं

1944 मध्ये बीएनआर सरकारकडे आली, 1955 मध्ये ती दक्षिण-पूर्व रेल्वेत गेली आणि 2003 पासून नागपूरची ही लाइन दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आली. पाट्या बदलत गेल्या, रूळ तेच राहिले. मालाचा ओघ मात्र तीन बाजूंनी आटत गेला.

पहिलं कारण सगळ्यांना माहीत आहे: ट्रक. ट्रकला धक्का लागत नाही, फॉरवर्डिंग नोट लागत नाही. तो सातऱ्याच्या दारात येतो आणि कळमन्याच्या बाजारात उतरतो. नागपूरचा घाऊक बाजारही हळूहळू इतवारीतून कळमन्याला सरकला. 1950–51 मध्ये देशातल्या मालवाहतुकीपैकी सुमारे 89 टक्के वाटा रेल्वेचा होता. आज तो एक तृतीयांशाहूनही कमी आहे.

दुसरं कारण कमी बोललं जातं, आणि कुहीसाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे. 1980 च्या दशकात रेल्वेने आपलं धोरण बदललं. फुटकळ माल, सुटे डबे, वाटेत जोडणं-तोडणं यांत इंजिनं आणि डबे अडकून पडतात. त्यापेक्षा एकाच ठिकाणी भरलेली सबंध गाडी दुसऱ्या ठिकाणी रिकामी करायची, असं ठरलं. याला ब्लॉक रेक म्हणतात. कोळसा, खनिज, सिमेंट, खत, अन्नधान्य महामंडळाचा गहू-तांदूळ यांना हे धोरण मानवलं. बॉक्स-एन डबा साधारण 58 टनांचा, आणि अशा 58 डब्यांची गाडी. एका खेपेला सव्वातीन हजार टनांहून जास्त माल! रेल्वेचा हिशोब सुधारला हे मान्यच करावं लागेल. पण कोणतं गाव एका दिवशी तीन हजार टन मिरची भरणार? स्मॉल्सची बुकिंग बंद झाली, सुट्या डब्यांची घटली, आणि देशभरातल्या आडवाटेच्या स्थानकांचे मालधक्के एकेक करून ओस पडले. बंद करण्याचा समारंभ कुठेच झाला नाही. मालबाबूची बदली झाली, नवा आला नाही, इतकंच.

तिसरं कारण या लाइनीच्या नशिबाचं. गोंदिया–नागभीड–चांदाफोर्ट लाइन 1990 च्या दशकात रुंद झाली. तोवर नागभीड हे छोट्या लाइनीचं जंक्शन होतं. चांद्याकडचा डबा न उतरवता इतवारीपर्यंत येऊ शकत होता. तिकडची रुंदी बदलली आणि नागपूर–नागभीड लाइन दोन्ही टोकांना अडकली. जाताना उतरवा, येताना उतरवा. मालासाठी ती तेव्हाच संपली. 2019 पर्यंत उरली ती माणसांची गाडी.

या काळात उमरेडला जे घडलं ते सगळ्यात बोलकं आहे. उमरेडच्या उघड्या खाणीतून दगडी कोळसा निघू लागला. दारातून रेल्वे जात होती, पण अडीच फुटी. कोळशाला मोठे डबे हवे होते. मग त्याच्यासाठी बुटीबोरीहून उमरेडपर्यंत वेगळी मोठी लाइन टाकली गेली. एकाच गावात दोन रेल्वे आल्या: मोठ्या मालासाठी मोठी, आणि लहान मालासाठी जुनी, जिच्यावर लहान माल घेणं रेल्वेने पुढे सोडूनच दिलं.

इंजिन जपलं, गोदाम विसरलं

नागपुरात मोतीबागला 1879 पासूनचा रेल्वे कारखाना आहे आणि त्याच्या आवारात 14 डिसेंबर 2002 रोजी छोट्या लाइनीचं संग्रहालय सुरू झालं. विदर्भातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जायला हवी. वाफेची इंजिनं आहेत, डबे आहेत, सिग्नलचे दांडे, टोकनची यंत्रं, कंदील आहेत. पोरं इंजिनावर चढतात आणि खूश होतात. नागपूरचं मुख्य स्थानक 15 जानेवारी 1925 रोजी सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते खुलं झालं. सावनेरच्या वालुकाश्मातली ती इमारत आजही शहराचा दिमाख आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या डोंगरी लाइनी युनेस्कोच्या यादीत गेल्या. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही 2004 मध्ये त्या यादीत गेलं.

या सगळ्या वारशात मालाची जागा जवळजवळ नाहीच. जी चाकं फिरतात ती जपली, जे घुमट दिसतात ते जपले. पैसा जिथे बसून मोजला जायचा ती पत्र्याची शेड वारसा वाटली नाही.

इतर देशांनी नेमकी ती जपली. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे 1830 मध्ये सुरू झाली, तेव्हा मँचेस्टरच्या टोकाला रुळांना लागून बांधलेलं विटांचं गोदाम अजून उभं आहे. जगातल्या पहिल्या प्रवासी लाइनींपैकी एक म्हणून तिचं नाव घेतात. पण त्या गोदामात उतरलेला कापूस पाहिला की ती लाइन कुणासाठी होती याबद्दल शंका उरत नाही. आज ती इमारत विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसला 1852 चं धान्यकोठार आहे. त्यात 2011 पासून कला महाविद्यालय भरतं.

कुही किंवा भिवापूरचा मालधक्का किंग्ज क्रॉसच्या तोलाचा नाही, आणि त्याला तसं व्हायची गरजही नाही. पण लाइन रुंद होते तेव्हा भराव उंचावतो, वळणं सरळ होतात, फलाट लांबतात, नवी स्थानकं बांधली जातात. महारेल या रेल्वे बांधणाऱ्या कंपनीकडे असलेल्या या रुंदीकरणात जुन्या ओट्याला आणि शेडला आपोआप जागा मिळत नाही. कऱ्हांडला अभयारण्याजवळून लाइन जाते म्हणून वन्यजीवांचा प्रश्न उठला, त्यावर चर्चा झाली, ते योग्यच झालं. वाघासाठी बोलणारे लोक आहेत. मालधक्क्यासाठी बोलणारं कुणी नाही. निदान रुंदीकरणाआधी प्रत्येक स्थानकाचं मोजमाप, छायाचित्रं आणि मालाच्या जुन्या नोंदवह्या एका ठिकाणी गोळा व्हायला हव्यात. मोतीबागच्या संग्रहालयात एक काटा, एक हमालाचा आकडा आणि एक बिल्टी, एवढं जरी एका काचेत ठेवलं तरी तिथल्या इंजिनांना अर्थ येईल, कारण ती काय ओढत होती हे मग पोरांना कळेल.

रुंद रूळ, अरुंद दार

जुनी शेड टिकवण्याहून मोठा प्रश्न मात्र पुढचा आहे. रूळ आता 762 वरून 1,676 मिलिमीटरचे होत आहेत. नागपूर आणि नागभीड यांच्यामधली उलथापालथ संपेल, दक्षिणेकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गांशी ही लाइन सलग होईल. मालगाड्या धावतील यात शंका नाही. त्या कुणाच्या असतील? ब्लॉक रेकचं धोरण कायम राहिलं, तर कुहीवरून कोळसा जाईल, सिमेंट जाईल. कुहीची मिरची त्याच वेळी शेजारच्या रस्त्यावरून ट्रकने जाईल. लाइन दुपटीहून रुंद, आणि लहान मालाला मात्र दार बंद.

असं व्हायलाच हवं असं नाही. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली. तिच्यात किमान मालाची अट नव्हती. वाटेतल्या स्थानकांवर थांबून थोडा थोडा माल घेतला गेला. पुढे फळं-भाज्यांच्या भाड्यात निम्मी सूट मिळाली, आणि डिसेंबर 2020 मध्ये शंभरावी किसान रेल सांगोल्याहून निघाली. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला परराज्याच्या बाजाराचा रस्ता मिळाला. नंतर ही योजना मावळली, पण एक गोष्ट तिने दाखवून दिली: वाटेवरच्या स्थानकावर दहा पेट्या घ्यायच्या ठरवल्या तर रेल्वेला त्या घेता येतात. अडचण रुळांची नसून नियमाची आहे.

म्हणून कुही नगर पंचायतीने आणि मांढळच्या बाजार समितीने एक साधा अर्ज आताच करायला हवा. नव्या स्थानकाच्या आराखड्यात धक्का कुठे आहे, त्यावर ट्रक लागेल का, काटा असेल का, आठवड्यातून एक दिवस अर्धा डबा किंवा वीस पोती बुक करता येतील का, हे त्यात विचारावं. मिरचीच्या हंगामात तीन महिने जरी एक पार्सल डबा या लाइनीवर फिरला, तरी सातऱ्यावरच्या मालाला ट्रकवाल्याखेरीज दुसरा भाव विचारता येईल, आणि भाव विचारता येणं हीच शेतकऱ्याची पहिली कमाई असते. फलाट बांधून झाल्यावर धक्का मागितला तर जागा नाही हे उत्तर तयार असतं. बीएनआरने 1908 साली नफ्यासाठी जे दार ठेवलं होतं, ते आज लोकांच्या पैशाने होणाऱ्या लाइनीत ठेवता येत नाही, असं कोणत्याही अधिकाऱ्याने म्हणायला नको. आणि म्हटलंच, तर ते त्याच्याकडून लेखी घ्यावं.